डॉ. साळुंखे यांची प्रयोगशाळा आणि दयाची थप्पड

सोनी वाहिनीवर 1998 साली सुरू झालेली ‘सीआयडी’ ही मालिका 2018 पर्यंत चालली आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्यांनी ती लहानपणी पाहिली, ते आज स्वतःच्या मुलांना शेजारी बसवून पाहत आहेत. एसीपी प्रद्युम्न, अभिजित, दया आणि प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे यांची नावे आपल्या घरांत नातेवाइकांसारखी घेतली जातात. ज्या घरांत सिनेमा लावायला बंदी आहे, त्या घरांतही ‘सीआयडी’ला मुभा असते. आमच्याही घरी आहे. कारण साधे आहे. अंगप्रदर्शन नाही, शिवीगाळ नाही, सासू-सुनांची कारस्थाने नाहीत आणि शेवटी गुन्हेगार पकडला जातो. अम्मी-अब्बांसमोर बसून पाहताना मान खाली घालावी लागत नाही.

आम्ही जुन्या वळणाचे आहोत, हे आधीच सांगून टाकतो. घरात काय पाहिले जाते यावर वडीलधाऱ्यांची नजर असावी, असे आम्ही मानतो. पण ही नजर फक्त कपड्यांवर आणि गाण्यांवर ठेवून भागत नाही. माणसाच्या अब्रूबद्दल, मय्यतच्या हुरमतीबद्दल आणि इन्साफबद्दल मालिका मुलांच्या मनात काय पेरते, हेही पाहायला हवे. त्या दृष्टीने पाहिले तर ‘सीआयडी’ एका हाताने फार चांगली गोष्ट देते आणि दुसऱ्या हाताने ती काढून घेते.

कुरत्याची साक्ष

चांगली गोष्ट आधी. या मालिकेत पहिला संशय बहुधा चुकीचा ठरतो. भांडकुदळ शेजारी, कर्जबाजारी भाऊ, रागीट नोकर यांच्यावर सगळे बोट दाखवतात; मग प्रयोगशाळेत एखादा केस, मातीचा कण किंवा बोटाचा ठसा वेगळेच काही सांगतो. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा मुलांना गोष्टीतून मिळतो.

आपल्याला हा धडा नवा नाही. सूरह यूसुफमध्ये अजीजच्या पत्नीने हजरत यूसुफ (अ.) यांच्यावर तोहमत ठेवली, तेव्हा तिच्याच घरच्या एकाने कुरता पाहायला सांगितला. पुढून फाटला असेल तर तिचे खरे, मागून फाटला असेल तर यूसुफ यांचे खरे. कुरता मागून फाटलेला निघाला. एका बाजूला मोठ्या घरची मालकीण आणि दुसऱ्या बाजूला विकत आणलेला परका मुलगा, तरी निकाल कपड्याने दिला. त्याच सूरहमध्ये भावांनी खोटे रक्त लावलेला कुरता वडिलांपुढे आणला, पण हजरत याकूब (अ.) यांना ते पटले नाही. कुरता फाटलेलाच नव्हता, मग लांडग्याने खाल्ले कसे, असे मुफस्सिरांनी त्यावर लिहिले आहे. हे वर्गात सांगितले की मुले लगेच म्हणतात, “सर, हे तर फॉरेन्सिक!” आम्हाला ते ऐकून बरे वाटते.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे सरकारी कार्यालय 1897 साली कलकत्त्यात सुरू झाले. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने जगभर गेली. ती बसवण्याचे काम मात्र काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या दोन भारतीय सहकाऱ्यांनी केले होते.

थप्पड कुठून आली?

आता दुसरा हात. प्रयोगशाळेने गुन्हेगार दाखवला की दया पुढे होतो, एक थप्पड मारतो आणि समोरचा घडाघडा सगळे कबूल करतो. मग एसीपी प्रद्युम्न त्याला आता फाशी होणार म्हणून सांगतात. प्रसंग संपतो. वकील नाही, न्यायाधीश नाही, उलटतपासणी नाही. ज्याने आरोप केला, त्यानेच निकाल दिला.

खऱ्या कायद्यात असे नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 25 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तो कलम 23 मध्ये आहे. इंग्रजांनाही माहीत होते की मार खाणारा माणूस मार थांबवण्यासाठी काहीही बोलतो. नार्को चाचणीही माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले. आपल्याकडे तर हजरत अली (रजि.) यांना यमनला काजी म्हणून पाठवताना पैगंबर (स.) यांनी ताकीद दिली होती की दुसऱ्या बाजूचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नये.

ही थप्पड पडद्यावर राहत नाही, म्हणून आम्हाला तिची काळजी वाटते. गेल्या वर्षी आठवीच्या एका मुलाचे घड्याळ हरवले. मधल्या सुट्टीत चार-पाच जणांनी ‘सीआयडी’ बनून चौकशी सुरू केली आणि एका मुलाला भिंतीशी उभे केले. त्याचे वडील भंगार गोळा करतात, संशयाला एवढेच कारण पुरले. आम्ही पोहोचलो तेव्हा एक हात उगारलेला होता आणि तो मुलगा रडत रडत ‘हो, मीच घेतले’ म्हणत होता. घड्याळ नंतर नळाजवळच्या कट्ट्यावर सापडले. ज्याचे होते त्यानेच हात धुताना काढून ठेवले होते. तो मुलगा पुढे तीन दिवस शाळेत आला नाही.

मोठ्यांच्या जगात हे तीन दिवस वर्षांचे होतात. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि 180 हून अधिक माणसे गेली. 2015 साली विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. हा खटला मकोकाखाली चालला, आणि त्या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत आणि सर्व 12 जणांना निर्दोष ठरवले. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. एकोणीस वर्षे गेली. त्या गाड्यांत ज्यांची माणसे गेली, त्या घरांनाही खरा गुन्हेगार कोण, याचे उत्तर मिळाले नाही. थप्पडीने मिळवलेली कबुली दोन्हीकडच्या लोकांचे नुकसान करते.

प्रयोगशाळाही चुकते

मग थप्पड सोडून फक्त डॉ. साळुंखे यांच्यावर विसंबावे का? तिथेही सावध राहायला हवे. मालिकेत अहवाल काही मिनिटांत हातात पडतो. प्रत्यक्षात आधी पंचांसमोर पंचनामा होतो, नमुना सीलबंद होतो, तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद होते आणि मग तो कलिना, पुणे, नागपूर अशा ठिकाणच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्याचा अहवाल यायला कित्येकदा महिने लागतात. नव्या कायद्यानुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. हे चांगलेच आहे, पण तज्ज्ञही माणूसच असतो.

मार्च 2004 मध्ये स्पेनच्या माद्रिद शहरात रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. तिथे मिळालेल्या एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ब्रँडन मेफिल्ड या आपल्याच देशातील वकिलाचा ठरवला. हा वकील मुसलमान झालेला होता. स्पेनच्या पोलिसांना शंका होती, तरी अमेरिकेत त्याला अटक झाली. सुमारे दोन आठवड्यांनी स्पेनने तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचे सांगितले आणि मेफिल्ड सुटला. एफबीआयने माफी मागितली, पुढे सरकारने 20 लाख डॉलर भरपाई दिली. चौकशी अहवालात असे नोंदवले गेले की ठसे खरोखरच बरेच मिळतेजुळते होते. पण शंका आल्यावर तज्ज्ञांनी पुन्हा नीट पाहिले नाही, यामागे त्याच्या धर्माची माहिती हेही एक कारण असण्याची शक्यता आहे. यंत्राने वीस नावे पुढे केली होती, त्यांतून एक निवडले ते माणसांच्या डोळ्यांनी. बदगुमानी प्रयोगशाळेच्या दारातूनही आत शिरते, ती अशी.

मय्यतची हुरमत

शेवटी एक नाजूक गोष्ट. मेलेल्या माणसाचे हाड मोडणे हे जिवंत माणसाचे हाड मोडण्यासारखे आहे, ही शिकवण आपल्याला माहीत आहे. म्हणून मालिकेत टेबलावर मय्यत ठेवून शेजारी थट्टा-मस्करी चालते, ती आम्हाला आवडत नाही. मुलांना ते वाईट आहे असे सांगायलाच हवे.

पण याच हुरमतीच्या नावाखाली आपल्याकडे कधी कधी शवविच्छेदन टाळण्याची घाई होते, तीही योग्य नाही. गरज असेल तर शवविच्छेदन करू द्यावे, असे अनेक उलेमांनी सांगितले आहे. लग्नाला सात वर्षे होण्याआधी एखाद्या मुलीचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन कायद्याने करावेच लागते. ‘लेकीची बदनामी नको, लवकर दफन करा’ म्हणणाऱ्यांनी थांबून विचार करावा. बोलता न येणाऱ्या त्या मुलीची साक्ष आता तिच्या शरीराशिवाय कोण देणार? तिच्या बाबतीत तोच तिचा कुरता आहे.

दफनाला उशीर होतो, ही तक्रार खरी आहे. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे. नोव्हेंबर 2021 पासून केंद्र सरकारने सोय असलेल्या रुग्णालयांत रात्रीही त्याला परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे सामान्यतः त्यातून वगळलेली आहेत. अपघाती मृत्यूच्या वेळी घरच्यांनी ही माहिती ठेवून डॉक्टरांकडे अदबीने विनंती करावी.

मालिका बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. मुलांच्या शेजारी बसा. थप्पड पडली की विचारा, “या माणसाने हे केलेच नसते, तर?” फाशीची घोषणा झाली की विचारा, “काजी कुठे आहे?” सूरह हुजुरातमध्ये खबर आली तर आधी तपास करण्याचा, फाजील गुमान न करण्याचा आणि कोणाच्या मागावर न राहण्याचा हुकूम आहे. तो पोलिसांइतकाच आपल्यालाही आहे. मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीबद्दल, शेजाऱ्याबद्दल, दुकानातल्या नोकराबद्दल मोबाईलवर काही आले आणि ते पुढे पाठवायला बोट उचलले गेले, की मुलांसमोरच ते बोट थांबवा. कुरता कुठून फाटला आहे, हे आपण अजून पाहिलेले नसते.