रेशन कार्ड आहे, मग धान्य का नाही? अर्ज करण्यापूर्वी एवढे वाचा

आमच्या शाळेत सातवीच्या वर्गातली एक मुलगी दर महिन्याला एक-दोन दिवस हमखास गैरहजर असायची. कारण विचारले की खाली मान घालून म्हणायची, "अम्मी के साथ कंट्रोल पे गई थी." आमच्या भागात रेशन दुकानाला अजूनही कंट्रोलच म्हणतात. वडील यंत्रमागावर, आई घरी बसून शिलाई करते, घरात सहा माणसे. केशरी रेशन कार्ड आहे, पण धान्याचा एक दाणा नाही. दुकानदार दर वेळी सांगायचा, "तुमचं नाव ऑनलाइन नाही." आईला वाटायचे, आज मशीन बंद असेल, पुढच्या महिन्यात मिळेल. मधल्या काळात एका एजंटाने "काम करून देतो" म्हणून दोन हजार रुपये घेतले आणि तेच जुने कार्ड प्लास्टिकमध्ये घालून परत दिले!

तेव्हापासून आम्ही काही शिक्षक शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर तासभर बसतो आणि मोहल्ल्यातल्या लोकांचे अर्ज भरून देतो. रोज दिसते ते एकच. लोक गरीब आहेत, हक्कदारही आहेत, पण चुकीच्या गोष्टीसाठी फेऱ्या मारत आहेत. म्हणून हा लेख.

कार्ड वेगळे, यादी वेगळी

सगळ्यात आधी ही गोष्ट समजून घ्या. रेशन कार्ड असणे म्हणजे धान्य मिळणे नव्हे. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची कार्डे आहेत. पण आज धान्य रंगावर मिळत नाही. ते मिळते राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या यादीत नाव असेल तर. आपल्या राज्यात हा कायदा फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या यादीत दोनच गट आहेत: अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब. केशरी कार्डवाल्यांपैकी काहींची नावे प्राधान्य यादीत आहेत, बाकीच्यांची नाहीत. एकाच गल्लीत, एकाच रंगाचे कार्ड असलेल्या दोन घरांत एकाला धान्य मिळते आणि दुसऱ्याला नाही, त्याचे कारण हेच.

म्हणून दुकानदाराला "धान्य कधी येणार?" असे विचारू नका. "आमचे कार्ड कोणत्या योजनेत आहे? यादीत किती माणसांची नावे आहेत?" असे विचारा. दुकानातल्या ई-पॉस मशीनवर किंवा मोबाइलमधल्या 'मेरा राशन' अॅपवर हे दिसते. ऑनलाइन झालेल्या प्रत्येक कार्डाला बारा अंकी नंबर असतो. तो कार्डाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा.

कोणाला किती धान्य?

अंत्योदय कार्डाला घरात माणसे कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. म्हणजे पाच जणांच्या घराला २५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून दोन्ही गटांना धान्य पूर्ण मोफत आहे, आणि जानेवारी २०२४ पासून ही सवलत पुढे पाच वर्षांसाठी वाढवली आहे. तेव्हा या धान्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते बेकायदा आहे.

प्राधान्य यादीसाठी उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार रुपये अशी ठरवली गेली. शहरात म्हणजे महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी. आजच्या महागाईत ही मर्यादा फारच तोकडी आहे, हे आम्हालाही दिसते. ती वाढवा अशी मागणी आमदार-खासदारांकडे जरूर करा. पण खोटा दाखला काढू नका. तो पकडला गेला तर मिळत असलेले धान्यही बंद होते.

अंत्योदय हे गरिबातल्या गरिबांसाठी आहे. भूमिहीन मजूर, हातावर पोट असणारे कामगार, घर चालवणाऱ्या विधवा, अपंग, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि आधार नसलेले साठीच्या पुढचे म्हातारे असे गट त्यात धरलेले आहेत. आपल्या मोहल्ल्यात एकटी राहणारी बेवा असेल तर तिच्यासाठी आधी अंत्योदयची विचारणा करा. प्राधान्य यादीत तिला एकटीला ५ किलो, अंत्योदयमध्ये ३५. फरक लक्षात घ्या.

अर्ज कुठे आणि कसा?

तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयातला पुरवठा विभाग, मुंबई-ठाण्याकडे शिधावाटप कार्यालय. ऑनलाइन अर्जही करता येतो. नवीन कार्डासाठी नमुना १, नाव वाढवण्यासाठी नमुना ८, नाव कमी करण्यासाठी नमुना ९. सोबत लागतात:

- घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स
- राहत्या जागेचा पुरावा: लाइट बिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- कुटुंबप्रमुखाचा फोटो आणि बँक पासबुकाची झेरॉक्स
- आधीच्या कार्डातून नाव कमी केले असेल तर त्याचा दाखला

कार्ड आधीच असेल आणि फक्त धान्य सुरू करायचे असेल तर नवीन कार्डाचा अर्ज करू नका. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे लिहा: "आमच्या कार्डाचा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंब योजनेत समावेश करावा." त्या मुलीच्या आईने तीन वर्षांत हे एक वाक्य कुठेच लिहून दिले नव्हते, कारण तिला कोणी सांगितलेच नव्हते.

आणि अर्ज दिल्यावर पोचपावती घ्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का. पोचपावती नसेल तर तुमचा अर्ज आलाच नाही असे उद्या कोणीही म्हणू शकते.

नावांचा घोळ

हा आपल्या समाजाचा मोठा त्रास आहे. आधारवर मोहम्मद, कार्डावर मो., शाळेच्या दाखल्यावर मोहंमद. एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी. बायकांच्या नावापुढे कुठे बी, कुठे बानो, कुठे बेगम, कुठे काहीच नाही. घरात सगळ्यांना कळते की माणूस एकच आहे. मशीनला कळत नाही.

आमचा सल्ला असा की एक कागद पक्का करा, आणि तो आधार असू द्या. मग बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. मुलांना शाळेत घालताना आधारवर आहे तसेच नाव लिहा. आम्ही शिक्षकांनीही हे सांभाळले पाहिजे. दाखल्यावर आमच्या हातून झालेली एका अक्षराची चूक पालकांना पुढे दहा वर्षे छळते. निकाहनामा उर्दूत असेल तर सोबत मराठी भाषांतर जोडा. खिडकीवरच्या माणसाला वाचता आले नाही की तो कागद बाजूलाच राहतो.

लेक, सून आणि एकटी बाई

सून घरात आली, मुले झाली, तरी तिचे नाव माहेरच्या कार्डावरच असते. एक माणूस दोन कार्डांवर चालत नाही. आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी करून दाखला घ्या, मग सासरच्या कार्डात नाव घाला. निकाहनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच हे काम उरकून टाका. उशीर झाला की सुनेबरोबर तिच्या मुलांचेही ५-५ किलो जाते.

फार कमी लोकांना माहीत असलेली एक गोष्ट. या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे रेशन कार्डासाठी घरातली अठरा वर्षे पूर्ण झालेली सर्वात मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख आहे. तलाक किंवा खुला झालेली, नवऱ्याने टाकलेली बाई मुलांना घेऊन वेगळी राहत असेल तर ती स्वतःच्या नावाने कार्ड मागू शकते. तलाकचा कागद हातात नसेल तर प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्या. कागद नाही म्हणून घरी बसू नका.

अंगठा लागत नाही तेव्हा

आता प्रत्येक माणसाची ई-केवायसी करावी लागते. कुटुंबप्रमुखाची झाली म्हणजे सगळ्यांची झाली, असे नाही. रेशन दुकानात अंगठा लावून ती फुकट होते. मागावर, विडीवर, गवंडीकामावर हात झिजलेल्यांचे ठसे उमटत नाहीत. अशा वेळी डोळ्यांचे स्कॅनिंग किंवा 'मेरा ई-केवायसी' अॅपवर चेहरा दाखवून काम होते.

मुलांच्या बाबतीत आम्ही पालकांना मुद्दाम सांगतो. लहानपणी काढलेल्या आधारवर मुलाचे ठसे नसतात. पाच वर्षे आणि पंधरा वर्षे पूर्ण झाली की आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्यावे लागतात. हे राहिले की रेशनही अडते आणि शिष्यवृत्तीही. आमच्या वर्गात अशी मुले आहेत, तुमच्याही घरात असेल. आजच तपासा.

फक्त आधार नाही किंवा अंगठा लागला नाही म्हणून खऱ्या हक्कदाराचे नाव कापू नये आणि त्याला धान्य नाकारू नये, अशी केंद्र सरकारची २०१७ पासून सूचना आहे. दुकानदाराशी भांडू नका, पण हे शांतपणे सांगा. दर महिन्याला मशीनची छापील पावती मागून घ्या. पावतीवर २५ किलो आणि पिशवीत २० किलो, असे प्रकार पावती पाहिल्यावरच उघड होतात.

गाव उत्तर प्रदेशात, काम इथे

मागावर, हॉटेलात, बांधकामावर उत्तर प्रदेश आणि बिहारचे कितीतरी भाऊ आहेत. त्यांनी इथे नवे कार्ड काढण्याची गरज नाही. 'वन नेशन वन रेशन कार्ड'मुळे गावाकडच्या कार्डाचा नंबर किंवा आधार देऊन इथल्या कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेता येते. आपल्या वाट्याचे इथे घ्या, घरच्यांचे गावाकडे राहू द्या. आणि ज्यांच्याकडे कुठलेच कार्ड नाही, पण ई-श्रमची नोंदणी आहे, अशा मजुरांना रेशन कार्ड द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली राज्यांना सांगितलेले आहे. अर्जाला ई-श्रम कार्डाची झेरॉक्स जोडा.

"इष्टांक भरला" असे सांगितले तर?

हे उत्तर खोटे नसते. २०११ च्या जनगणनेवरून राज्याला सुमारे ७ कोटी लोकांचा इष्टांक, म्हणजे कोटा, मिळाला आहे. त्यात खेड्यांतले ७६.३२ टक्के आणि शहरांतले फक्त ४५.३४ टक्के लोक बसतात. आपला समाज मोठ्या संख्येने शहरांत राहतो, त्यामुळे ही अडचण आपल्याला जास्त भोगावी लागते. तरीही अर्ज द्याच. माणसे मरतात, गाव सोडतात, नावे कमी होतात आणि जागा निघतात. जागा निघते तेव्हा ज्याचा अर्ज आत पडलेला असतो त्याचाच विचार होतो.

नाही म्हटले तर कारण लेखी मागा. १९६७ किंवा १८००-२२-४९५० या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या अर्जाचे काय झाले ते विचारता येते.

आणि अर्ज अडकला तरी याच कायद्यातली काही दारे उघडी असतात. अंगणवाडीतला आहार आणि शाळेतले दुपारचे जेवण यांसाठी रेशन कार्ड लागत नाही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर अंगणवाडीत नाव घाला.

ही खैरात नाही, हक्क आहे

आमच्याकडे येणाऱ्या अनेक बाया दारातच अडखळतात. "लोक काय म्हणतील, हात पसरायला आली." बाजी, हे हात पसरणे नाही. झकात देणाऱ्याच्या मर्जीतल्या माणसाला मिळू शकते. हे धान्य कायद्याने तुमचे आहे, आणि नाही मिळाले तर जाब विचारता येतो.

पण हक्क म्हटला की अमानतही आली. ज्यांच्या घरात आता सरकारी नोकरी आहे, चांगले चाललेले दुकान आहे, त्यांनी आपली नावे स्वतःहून कमी करून घ्यावीत. घरातले कोणी वारले असेल तर नमुना ९ भरा. कोटा मोजका आहे. आपण अडवून ठेवलेल्या जागेवर कोणाचे तरी मूल उपाशी असते, आणि ते बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातले असते.

त्या मुलीच्या घराचे काय झाले? आईने ते एक वाक्य लिहून अर्ज दिला, पोचपावती घेतली. तिघांच्या नावांतल्या चुका दुरुस्त झाल्या, दोन मुलांचे ठसे नव्याने घेतले. सात महिने लागले. आता सहा माणसांचे ३० किलो दर महिन्याला येते. मुलगी मात्र अजूनही महिन्यातून एक दिवस कंट्रोलवर जाते, पण शाळा सुटल्यावर. पावती तीच वाचते, कारण घरात मराठी वाचणारी ती एकटी आहे.

तुमच्या गल्लीत मराठी वाचता येणारा कोणी असेल तर त्याने या शुक्रवारी एका शेजाऱ्याचे कार्ड हातात घेऊन पाहावे. बारा अंकी नंबर आहे का, आणि नाव कोणत्या यादीत आहे, एवढेच.