पक्षफूट आणि मतदारांचा कौल

'फूट' हा शब्द उच्चारतांच मराठी माणसाच्या मनांत एक जुनी धास्ती जागी होते. भाऊबंदकीनें दौलती बुडाल्या, दुहीनें किल्ले गेले, हें शाळेंतल्या इतिहासाच्या पुस्तकापासून त्याच्या कानावर पडत आलेलें असतें. त्यामुळें एखादा राजकीय पक्ष फुटल्याची वार्ता आली कीं सुशिक्षित घरांतूनहि पहिला उद्गार निघतो तो हळहळीचा, नाहीं तर तिरस्काराचा. परंतु राज्याची फूट आणि पक्षाची फूट या एका जातीच्या गोष्टी नव्हेत. राज्य दुभंगलें तर शत्रूचें फावतें. पक्ष दुभंगला तर कित्येकदां मतदारापुढें एका वाटेऐवजीं दोन वाटा येतात, आणि लोकशाहींत निवड करावयास एकाहून अधिक वाटा असाव्या लागतातच. तेव्हां पक्ष कां फुटला, याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. फुटून निघालेल्यांनीं मतदाराला विचारलें काय? स्वतंत्र भारताच्या अगदीं पहिल्या वर्षांत या प्रश्नाचें एक उत्तर कृतीनें दिलें गेलें होतें. तें आज बहुतेकांच्या स्मरणांतून गेलें आहे.

त्यापूर्वीं काँग्रेसमध्यें फूट पडली नव्हती असें नाहीं. १९०७ सालीं सुरतेच्या अधिवेशनांत जहाल आणि मवाळ यांची ताटातूट झाली. व्यासपीठाच्या दिशेनें भिरकावला गेलेला तो दक्षिणी जोडा तर इतिहासांत अमर होऊन बसला आहे. पण त्या वेळीं काँग्रेसच्या हातीं राज्य नव्हतें, आणि मंडपांत जमलेल्या प्रतिनिधींना सामान्य मतदारांनीं निवडून पाठविलेलेंहि नव्हतें. भांडण घरांतलें होतें, आणि नऊ वर्षांनीं लखनौस तें घरांतच मिटलें. लोकांच्या मतांची ठेव जवळ असतांना घर सोडणें हें मात्र निराळें प्रकरण आहे. तो प्रसंग आला १९४८ सालीं.

त्याचें बीज महाराष्ट्रांतच पडलें होतें. सविनय कायदेभंगाच्या चळवळींत पकडलेले अनेक तरुण १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगांत एकत्र आले. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस्. एम्. जोशी अशी ती मंडळी. स्वराज्य मिळाल्यावर शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या पदरांत काय पडणार, हा त्यांच्या चर्चेचा विषय. त्यांतूनच १९३४ सालीं काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. पाटण्यास भरलेल्या त्याच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्ष होते आचार्य नरेंद्र देव. हा पक्ष काँग्रेसच्या पोटांतच राहिला. वडिलांच्या घरांत वेगळी चूल मांडावी, पण जेवावयास पंगतींत बसावें, अशांतला तो संसार होता, आणि परक्या सत्तेशीं झुंज चालू होती तोंवर तो निभावलाहि.

स्वराज्य आल्यावर मात्र तो निभावणें शक्य नव्हतें. १९४७ च्या आरंभीं कानपूरच्या परिषदेंत समाजवाद्यांनीं आपल्या पक्षाच्या नांवांतून 'काँग्रेस' हा शब्द काढला. गांधीजींच्या हत्येनंतर थोड्याच दिवसांत, स्वतःची वेगळी घटना आणि वेगळे सभासद असणारा दुसरा पक्ष काँग्रेसच्या आंत राहूं शकणार नाहीं, असा नियम काँग्रेसनें केला. आणि मार्च १९४८ मध्यें समाजवादी पक्षाची परिषद भरली ती नाशकासच. ज्या गांवच्या तुरुंगांत एकत्र येण्याचा विचार झाला होता, त्याच गांवीं काँग्रेस सोडण्याचा निर्णय झाला.

येथवरची हकीकत इतर फुटींसारखीच आहे. पुढची तशी नाहीं. संयुक्त प्रांताच्या कायदेमंडळांत नरेंद्र देव आणि त्यांचे दहाहून अधिक सहकारी १९४६ च्या निवडणुकींत काँग्रेसच्या उमेदवारीवर निवडून आलेले होते. पक्ष सोडला म्हणून सभासदत्व जावें असा कोणताहि कायदा तेव्हां अस्तित्वांत नव्हता. आपल्या जागेवरून उठून समोरच्या बाकावर जाऊन बसण्यास त्यांना कोणीहि अडवूं शकलें नसतें. विरोधी पक्षाची त्या सभागृहाला गरज होती हेंहि खरें. परंतु ज्या पक्षाच्या नांवावर लोकांनीं मतें दिलीं तो पक्ष सोडल्यावर त्या मतांवर आपला अधिकार उरत नाहीं, असें मानून या सर्वांनीं राजीनामे दिले आणि त्याच जागांसाठीं ते पोटनिवडणुकींत पुन्हां उभे राहिले.

नरेंद्र देवांची जागा फैजाबादची. अयोध्या त्याच मतदारसंघांत येई. काँग्रेसनें त्यांच्याविरुद्ध बाबा राघवदास यांना उभें केलें. हे गृहस्थ मूळचे पुण्याचे. पूर्वेकडील जिल्ह्यांत जाऊन राहिलेले, लोकसेवेनें आणि साधुवृत्तीनें त्या भागांत पूज्य झालेले. स्वतः मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत प्रचाराला उतरले. समाजवाद बरा कीं वाईट, जमीनदारी कशी आणि केव्हां नष्ट करावी, याची चर्चा व्हावयास हवी होती. ती बाजूला राहिली, आणि नरेंद्र देव ईश्वर मानीत नाहींत हा मुद्दा अयोध्येच्या मतदारांपुढें ठेवला गेला. बौद्ध दर्शनावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या या पंडिताचा थोड्या मतांनीं पराभव झाला. त्यांचे सहकारीहि जवळजवळ सारे पडले.

निवडणूक अशा रीतीनें लढविली गेली, ही काँग्रेसला शोभा देणारी गोष्ट नव्हती. हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. तरीहि निकालाविषयीं तक्रारीला जागा नाहीं. मतदाराला विचारलें, आणि मतदारानें नाहीं म्हटलें. मतदार नेहमींच शहाण्याला निवडतो, अशी हमी लोकशाहीनें कधींहि दिलेली नाहीं. दुर्दैव एवढेंच कीं या पराभवापासून पुढच्या राजकारणी पिढ्यांनीं जो धडा घेतला तो उलटा. राजीनामा दिला कीं जागा जाते, हें त्यांनीं नीट लक्षांत ठेवलें.

समाजवाद्यांची पुढची कहाणी सांगतांना मात्र त्यांची बाजू घेणें कठीण होतें. हेतु शुद्ध असला म्हणजे फुटीची किंमत द्यावी लागत नाहीं, असें नाहीं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत समाजवादी पक्षाला शेंकडा १०.६ मतें पडलीं आणि लोकसभेंत जागा मिळाल्या अवघ्या १२. त्याच वेळीं कम्युनिस्टांना शेंकडा ३.३ मतांत १६ जागा मिळाल्या, तर काँग्रेसला शेंकडा ४५ मतांच्या बळावर ४८९ पैकीं ३६४. हें गणित चमत्कारिक वाटलें तरी त्याचें कारण साधें आहे. आपल्या पद्धतींत प्रत्येक मतदारसंघांत ज्याला सर्वांत अधिक मतें तो विजयी. देशभर पातळ पसरलेल्या मतांपेक्षां एका मुलुखांत दाट असलेलीं मतें अधिक फळ देतात, आणि विरोधकांचीं मतें जितकीं वांटलीं जातील तितका मोठ्या पक्षाचा लाभ. काँग्रेस सोडलेल्या आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला याच निवडणुकींत ९ जागा मिळाल्या होत्या. १९५२ सालीं दोघे एक झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष निर्माण झाला. विरोधी पक्षाला आतां बळ येईल, अशी पुष्कळांना आशा वाटली.

ती दोन वर्षांत ओसरली. त्रावणकोर-कोचीनमध्यें पट्टम थाणु पिळ्ळै यांचें प्रजा समाजवादी मंत्रिमंडळ काँग्रेसच्या पाठिंब्यावर अधिकारावर होतें. १९५४ च्या ऑगस्टांत, तमिळ भाषिक तालुके मद्रासला जोडावे म्हणून चाललेल्या चळवळीवर तेथें पोलिसांनीं गोळीबार केला आणि माणसें मृत्युमुखीं पडलीं. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया यांनीं आपल्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला. गोळी चालविणाऱ्या परक्या सरकारला शाप देत ज्यांची हयात गेली, त्यांच्या राज्यांत गोळी चालली तर त्यांनीं काय करावें, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो आजहि टोंचणारा आहे. पक्षानें तें मानलें नाहीं. पुढच्या वर्षीं मुंबईंत मधु लिमये यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, मग लोहियांवर झाली, आणि १९५५ संपतांना लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष निघाला. प्रजा समाजवादी पक्षाचे त्या वेळचे अध्यक्ष नरेंद्र देवच होते. दम्यानें जर्जर झालेला हा वृद्ध नेता फेब्रुवारी १९५६ मध्यें वारला. १९६४ सालीं दोन्ही पक्ष पुन्हां एक झाले. वर्ष उलटतें न उलटतें तोंच पुन्हां फुटले. १९७१ च्या निवडणुकींत दोघांच्या मिळून लोकसभेंत पांच जागा उरल्या. तत्त्वाचा एकेक धागा सोडवीत बसल्यामुळें अखेर वस्त्रच उरलें नाहीं. मात्र यांतल्या एकाहि भांडणाचें मूळ मंत्रिपदाच्या लोभांत नव्हतें.

लोभाचें पर्व सुरू झालें १९६७ सालीं. अनेक प्रांतांत काँग्रेसचें बहुमत गेलें अथवा निसटतें राहिलें, आणि एकेका आमदाराला भाव आला. हरियाणांत गया लाल नांवाच्या आमदारानें एका पंधरवड्यांत तीनदां पक्ष बदलला, आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग साऱ्या देशाला मिळाला. या रोगाचें निदान करण्यासाठीं गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिच्या सभासदांत जयप्रकाश नारायणहि होते. तिला आढळलें कीं १९५७ ते १९६७ या सबंध दशकांत सुमारें ५४२ पक्षांतरें झालीं होतीं, तर १९६७ च्या निवडणुकीनंतरच्या बारा महिन्यांतच ४३८ झालीं. पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकीं ११६ जणांना मंत्रिमंडळांत जागा मिळाली होती. हा आंकडा वाचल्यावर मतभेदांची चर्चा करण्याचें फारसें कारण उरत नाहीं.

कायदा व्हावयास १९८५ साल उजाडलें. बावन्नाव्या घटनादुरुस्तीनें दहावें परिशिष्ट जोडलें गेलें : पक्ष स्वेच्छेनें सोडला किंवा सभागृहांत पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलें, तर सभासदत्व रद्द. पण त्यांत एक पळवाट ठेवली होती. विधिमंडळ-पक्षाचे एक-तृतीयांश सभासद एकदम बाहेर पडले तर ती 'फूट' समजावी आणि त्यांना शिक्षा नसावी. म्हणजे एकटा गेला तर गुन्हेगार, तिघांतला एक या प्रमाणांत टोळीनें गेले तर सन्माननीय! २००३ च्या घटनादुरुस्तीनें ही पळवाट बुजविली. अपात्र ठरलेल्याला पुन्हां निवडून येईपर्यंत अथवा सभागृहाची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद मिळूं नये, अशीहि तरतूद तिनें केली. मात्र दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची मुभा तशीच राहिली. २०१९ च्या सप्टेंबरांत राजस्थानांत बहुजन समाज पक्षाचे सहाहि आमदार काँग्रेसमध्यें विलीन झाले. त्याच वर्षीं गोव्यांत काँग्रेसच्या १५ पैकीं १० आमदारांनीं भारतीय जनता पक्षांत प्रवेश केला. २०२२ च्या निवडणुकीपूर्वीं तेथील काँग्रेस उमेदवारांकडून देवळांत, क्रुसापुढें आणि दर्ग्यांत एकनिष्ठतेच्या शपथा वदविण्यांत आल्या. त्या सप्टेंबरांत निवडून आलेल्या ११ पैकीं ८ जण गेले. देवाला साक्षीस बोलावून जें साधलें नाहीं तें कलमांनीं साधेल, ही अपेक्षाच कदाचित् भाबडी असेल.

आणि जेथें लगाम हवा तेथें तो सैल असतांना, नको तेथें मात्र तो घट्ट बसला. एखाद्या साध्या विधेयकावर सदसद्विवेकबुद्धीनें वेगळें मत देणारा सभासदहि या कायद्याच्या कचाट्यांत येतो. १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा वैध ठरवितांना, असा सक्तीचा आदेश सरकारच्या अस्तित्वाच्या अथवा पक्षाच्या मुख्य धोरणाच्या प्रश्नापुरता असावा असें सुचविलें. व्यवहारांत तें फारसें पाळलें गेलें नाहीं. सभागृहांत बोलून विरोध करण्याची वाट अशी अरुंद झाली म्हणजे असंतोष बाहेर पडतो तो मग घाऊक रीतीनेंच.

राजीनाम्याची वाटहि पूर्वींसारखी राहिली नाहीं. मध्यप्रदेशांत मार्च २०२० मध्यें काँग्रेसच्या २२ आमदारांनीं राजीनामे दिले, सरकार कोसळलें, आणि नोव्हेंबरांत पोटनिवडणुका झाल्या. वरवर पाहतां हें नरेंद्र देवांचेंच अनुकरण. पण त्यांतले कित्येकजण निवडणुकीपूर्वींच, आमदार नसतांना, नव्या सरकारांत मंत्री झाले होते. मंत्रिपदाची बंदी अपात्र ठरलेल्यांना आहे, राजीनामा देणाऱ्यांना नाहीं. आणि आमदार नसलेल्यालाहि घटनेप्रमाणें सहा महिने मंत्री राहतां येतें. मतदाराला विचारलें गेलें हें खरें. परंतु विचारावयास आलेला माणूस मंत्र्याच्या मोटारींतून आला.

महाराष्ट्रांतला प्रसंग तर सर्वांच्या डोळ्यांपुढें घडला. २०२२ च्या जूनमध्यें शिवसेना फुटली आणि सरकार बदललें. पुढच्या वर्षीं राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. कोणता गट खरा, हा वाद निवडणूक आयोग, विधानसभेचे अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन दारीं गेला. मे २०२३ मध्यें न्यायालयानें सांगितलें कीं 'फूट' हा बचाव आतां कायद्यांत उरलेला नाहीं, आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नाहीं. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांकडेच राहिला. जानेवारी २०२४ मध्यें अध्यक्षांनीं शिवसेनेच्या दोन्ही गटांतल्या कोणालाहि अपात्र ठरविलें नाहीं. विधानसभेची निवडणूक झाली ती नोव्हेंबर २०२४ मध्यें. तींत एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला ५७ आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला २० जागा मिळाल्या. जून २०२२ पासून हा कौल मिळेपर्यंत जवळजवळ अडीच वर्षें गेलीं. १९४८ सालीं फैजाबादच्या मतदारापर्यंत तोच प्रश्न पोंचावयास चार महिनेहि लागले नव्हते.