परवाना आणि पिंजरा

एके काळी वर्षाकाठी लाखो पक्षी अमेरिकेत विक्रीस येत. त्यांतील असंख्य रानातून धरलेले असत. धरताना आणि वाहतुकीत पुष्कळ दगावत. 1992 मध्ये तेथे वन्य पक्षी संवर्धन कायदा झाला. आता ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचींतील बहुतेक विदेशी पक्षी परवान्याविना आणता येत नाहीत. परवाना मिळण्याचे एक कारण सहकारी प्रजनन: रानातील प्रजाती टिकावी म्हणून पक्षिपालक एखाद्या संस्थेच्या सहभागाने जोड्या वाढवितात. केवळ विक्रीसाठी पक्षी मागणारा येथे अडतो, आणि अडावाच. श्रावकाची अडचण याहून सूक्ष्म आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ पहिला. हेतू संवर्धनाचा असला तरी पक्षी कोंडलेलाच असतो. बजरीगर व कॉकाटील तर त्या सूचींतच नाहीत. त्यांच्या पिंजऱ्यांविषयी हा कायदा काहीच विचारीत नाही.