घरची भाकरी आणि सरकीची ढेप

दिवाळीच्या सुटीत यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो होतो. आजीने ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि वाटीभर दूध वाढले आणि नेहमीच्या अभिमानाने म्हणाली, “तिकडं शहरात काय खातोस देव जाणे! इथं सारं घरचं आहे, बाप्पा. त्यात काही कालवलेलं नाही.” जेवण आटोपून मी गोठ्यात डोकावलो. म्हशीपुढच्या घमेल्यात सरकीची ढेप भिजत घातली होती. ती पाहून वाटले, आजीचे म्हणणे खरे आहे, पण पुरते खरे नाही.

‘चांगले अन्न’ म्हणताना आपण दोन निरनिराळे प्रश्न एकत्र करतो. पहिला प्रश्न असा, की दाण्यातून काही काढून टाकले आहे काय? आणि दुसरा, बियाण्यातच काही नवे घातले आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. धान्याच्या दाण्यात बाहेरचा कोंडा, आतला पिठूळ भाग आणि अंकुर असे तीन भाग असतात. चोथा, क्षार आणि ‘ब’ जीवनसत्त्वे मुख्यतः कोंड्यात व अंकुरात असतात. मैदा करताना किंवा तांदूळ पांढराशुभ्र करताना नेमके तेच निघून जाते. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरांना दिसले, की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचे कोडे त्यातून सुटत गेले आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आजीची भाकरी या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते.

दुसरा प्रश्न मात्र डोळ्यांना दिसत नाही. मातीत ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाचा जिवाणू असतो. तो तयार करीत असलेले एक प्रथिन बोंडअळीला मारक ठरते. त्या प्रथिनाचे जनुक शास्त्रज्ञांनी कपाशीत घातले, तेच ‘बी.टी.’ कापूस. भारतात त्याला २००२ साली परवानगी मिळाली आणि आज देशातील कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याने व्यापले आहे. कापूस आपण खात नाही हे खरे. पण सरकीचे तेल फरसाणाच्या कढईत जाते आणि ढेप म्हशीच्या पोटात. वांग्याची गोष्ट याहून वेगळी. बी.टी. वांग्याला तज्ज्ञ समितीने २००९ साली संमती दिली, तेव्हा देशभर वाद पेटला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने ते स्थगित केले. वांगे दारात अडले. सरकी मात्र कापसाच्या आडोशाने केव्हाच घरात आली होती.

मग घाबरावे काय? माझे मत ‘नाही’ असे आहे. हे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून तेथील विशिष्ट पेशींना चिकटते. आपले जठर आम्लधर्मी असून तशी जागा आपल्या आतड्यात आढळलेली नाही. शुद्ध केलेल्या तेलात तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही. बाजारात आलेल्या अशा अन्नाची तपासणी झालेली असून त्यापासून धोका संभवत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते.

परंतु आरोग्याचे भय नाही म्हणजे प्रश्नच नाही, असे नव्हे. आपल्याकडील बी.टी. कपाशी बहुतेक संकरित असल्याने तिचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने हाहाकार केला. फवारणी कमी व्हावी म्हणून आलेले हे बियाणे. पण त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. दोष एकट्या बियाण्याचा नव्हे. पण ‘बियाणे आले, संकट टळले’ हेही खरे ठरले नाही.

म्हणून मला वाटते, निर्भेळ अन्नाचा आग्रह धरणाऱ्याने भीतीपेक्षा माहितीचा आग्रह धरावा. जनुक बदललेले अन्न असलेल्या वेष्टनावर तसे छापावे, असा नियम आपल्याकडे २०१३ पासून लागू झाला. पण सुट्या फरसाणाला वेष्टन कुठले, आणि दुधाच्या वाटीवर काय छापणार?

हे सारे आजीला समजावून सांगितले. ती घटकाभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दूध पिऊ नको म्हणतोस?”

“पी ना, आजी. फक्त ‘सारं घरचं’ म्हणू नकोस.”

ती हसली आणि उरलेले दूध माझ्याच वाटीत ओतले. मीही ते प्यालो.