बागेची छाटणी आणि ब्लोअरची सर्व्हिसिंग

सप्टेंबर सरत आला की तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात दोघांना उसंत नसते. एक छाटणीची टोळी घेऊन फिरणारा मुकादम, दुसरा ट्रॅक्टरचा मिस्त्री. सांगली जिल्ह्यातली द्राक्षबाग वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार व्हावी म्हणून, आणि ऑक्टोबरची फळासाठी. बाजार लवकर गाठायचा म्हणून काहीजण ही दुसरी छाटणी ऑगस्टमध्येच उरकतात. एकदा कात्री चालली की पुढचा प्रत्येक दिवस मोजून काढायचा असतो. वाटेत दोन बागायतदार भेटले, तर ख्यालीखुशालीच्या आधी विचारणा होते, ‘पाव्हणं, प्लॉट किती दिवसांचा झाला?’

या दिवसांत बागेतलं काम संपता संपत नाही. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची, फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढायचे, शेंडा मारायचा, घड जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिडच्या) द्रावणात बुडवायचे, मणी विरळायचे. यातलं निम्म्याहून जास्त काम गावोगावच्या बायकांच्या हातून होतं. मांडवाखाली मान वर करून दिवसभर उभं राहणं म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळत नाही. तासगाव तालुक्यातल्याच बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडून काढला. वेल वाचणारी नजर या मातीत किती मुरलेली आहे, ते त्यावरून दिसतं.

पण रात्री मदार असते ती ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरवर. औषधाची टाकी, दाबाने द्रावण सोडणारा पंप आणि ते द्रावण धुक्यासारखं उडवणारा मोठा पंखा, हा ब्लोअरचा संच. पंप आणि पंखा छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओ शाफ्टवर, चालतात. दोन ओळींमधून जाता यावं म्हणून ट्रॅक्टरही अरुंदच घ्यावा लागतो.

द्राक्षाचा मोठा वैरी म्हणजे डावणी हा बुरशीजन्य रोग. पानावर पाणी साचून राहिलं की या बुरशीचे बीजाणू त्यातून पानात शिरतात. वरच्या बाजूला तेलकट डाग पडतो आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरते. वेल फुलोऱ्यात असताना रोग घडावर गेला, तर घडच्या घड कुजून जातो. त्यामुळे संध्याकाळी पाऊस पडला की सकाळपर्यंत थांबायची सोय नसते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस हटलाच नाही. काळ्या रानात ट्रॅक्टरची चाकं रुतायला लागली, तेव्हा लोकांनी पंप बांधावर ठेवला आणि लांब पाइप ओढत चिखलातून औषध मारलं. तरीही अनेकांच्या बागा हातच्या गेल्या. अशा रात्री पंपाचं एक सील फुटणं किंवा पट्टा तुटणं हा घरावरचाच घाला असतो. म्हणून इथला चांगला बागायतदार वेलीइतकाच वेळ यंत्रालाही देतो.

बोर्डो मिश्रणावरून वेल आणि यंत्राचं हे नातं नीट कळतं. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातलं. चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत. त्या वेलींवर डावणी कमी दिसते, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ साली त्याने हा उपाय जगापुढे मांडला. आज तासगावचा शेतकरीही डावणीवर तेच मिश्रण मारतो. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही वेगवेगळे भिजवून, गाळून मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या पिंपात. मग स्वच्छ घासलेला विळा थोडा वेळ त्यात बुडवून धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद मोकळं राहिलंय आणि पान करपणार. अशा वेळी चुन्याची निवळी वाढवायची, पुन्हा विळा बुडवायचा. पातं जसंच्या तसं निघालं की मिश्रण मारायला तयार, आणि ते त्याच दिवशी संपवायचं.

विळ्यावर तांबं चढवणारं हे मोरचूद ट्रॅक्टरच्या पत्र्यालाही सोडत नाही. फवारणी झाली की टाकीत साधं पाणी भरून ते सगळ्या नोझलमधून जाऊ द्यायचं, बॉनेट आणि मडगार्ड धुवायचे, निपलांना ग्रीस द्यायचं. कंटाळा केला, तर दोन हंगामांत पत्रा चाळणीसारखा होतो आणि चुन्याचा गाळ गाळणीत घट्ट बसतो. रेडिएटरच्या जाळीत वेलीचे धागे आणि पानांचा चुरा अडकतो, तो आतून बाहेर हवा मारून काढावा लागतो. बाहेरून मारली, तर कचरा आणखी आत जातो आणि भर फवारणीत इंजिन तापतं. एअर फिल्टरला धुळीचाही त्रास असतोच.

नोझलकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. पाण्यात मिसळणाऱ्या, पण न विरघळणाऱ्या भुकटीचे बारीक कण वर्षभर घासून त्याचं भोक मोठं करतात. डोळ्यांना हे दिसत नाही. प्रत्येक नोझलखाली बाटली धरून मिनिटभर पाणी गोळा केलं की कळतं. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी पडत असेल, तर ते बदलायचं. मोठ्या भोकातून जास्त औषध जातं, थेंब जाड पडतो आणि पानाची मागची बाजू कोरडीच राहते. द्राक्ष युरोपात पाठवायचं असेल, तर औषधाच्या अंशाचा हिशोब काटेकोर लागतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले होते, ती आठवण निर्यातदारांना अजून आहे. द्राक्षाच्या चर्चासत्रांत औषधांवर जेवढा वेळ बोललं जातं, तेवढा या छोट्याशा नोझललाही मिळायला हवा.

पंप धुण्याचं आणखी एक कारण आहे. शेजारी ऊस असेल आणि त्यातल्या तणाला टू-फोर-डी मारलं असेल, तर वाऱ्यावर आलेल्या अंशानेही द्राक्षाची पानं पंख्यासारखी आखडतात. याच तणनाशकाचा पंप नुसता विसळून बागेत वापरला, तर आपल्याच हाताने नुकसान ओढवून घेतलं. म्हणून जाणकार तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवतात आणि त्याला लांबून ओळखू येईल असा रंग देतात.

शेत आणि लोखंड एकत्र सांभाळायची ही सवय या मुलखाला जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं होतं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगरांपाठोपाठ तिथे पाण्याचे पंपही बनू लागले. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सुरू केलेला कारखाना नांगरांवरून डिझेल इंजिनांपर्यंत पोहोचला. विहिरीवरचं इंजिन आवाजावरून ओळखणारी माणसं या भागात पिढ्यान्‌पिढ्या घडत आली.

साताऱ्याच्या डोंगरात गाडीची काळजी वेगळी. महाबळेश्वर, पाचगणीची स्ट्रॉबेरी पिकअपमध्ये भरून पसरणी घाटाने वाईत उतरते. फळ नाजूक आणि वळणं अवघड. तिथला चालक ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरत नाही. ज्या गिअरात चढला, त्याच गिअरात उतरतो. सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हंगामाआधी ब्रेकचे लायनर बदलणं ही तिथे चैन नाही.

कृष्णाकाठी पुराची धास्ती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पलूस, वाळवा, मिरजेतल्या गोठ्यांत आणि अंगणांत ट्रॅक्टर, मोटारसायकली बुडाल्या. पाण्यातून निघालेली गाडी सुरू होते का, हे पाहायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण स्टार्टर मारायचा नसतो. इंजिनात पाणी असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी तळाचा बोल्ट काढून ऑइल सोडायचं. ते पांढरट निघालं तर पाणी आत शिरलेलं आहे. मग ऑइल, फिल्टर, डिझेल, गिअरबॉक्समधलं वंगण, सगळं बदलायचं आणि नंतरच इंजिन हाताने फिरवून पाहायचं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माल बाजारात आणि बेदाण्याच्या शेडवर जातो, त्यानंतर ब्लोअरला विसावा मिळतो. पंप खोलायला, सील बदलायला हाच काळ बरा, कारण मिस्त्रीही तेव्हाच सापडतो. त्याच खेपेला एक काम आवर्जून करून घ्यावं. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर ग्रीस भरताना अडचण होते म्हणून अनेक घरांत काढून ठेवलेलं असतं आणि ते माळ्यावरच राहतं. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. खांद्यावरचा टॉवेल किंवा साडीचा पदर त्यात गुंतला, तर ट्रॅक्टर बंद करायलाही अवधी मिळत नाही. कव्हर फुटलेलं असेल तर नवं आणावं, आणि एप्रिलच्या छाटणीला ट्रॅक्टर बागेत जाण्याआधी ते बसलेलं असावं.