विश्लेषण : पिल्लाला घरात एकटे राहायला कसे शिकवावे?

कुत्र्याचे पिल्लू घरी आले की पहिला आठवडा कौतुकात जातो. कुणी तरी रजा घेते, पिल्लू दिवसभर मांडीवर असते. सोमवारी मात्र घरातले सगळे कामाला निघतात, दाराला कुलूप लागते आणि पिल्लाचे केकाटणे जिन्यापर्यंत ऐकू येते. मग शेजाऱ्यांच्या तक्रारी, कुरतडलेल्या चपला आणि अखेर ‘कुणाला पिल्लू हवे का?’ असा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप. ही वेळ बहुतेकदा टाळता येते.

पिल्लू का ओरडते?

आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनुसार मनाई आहे. म्हणजे घरी येणारे पिल्लू बऱ्याचदा जेमतेम दोन महिन्यांचे असते. तोवर ते आई आणि भावंडांच्या उबेत झोपलेले असते. एकटे पडल्यावर हाक मारणे ही त्याची उपजत सवय आहे, हट्ट नव्हे. ‘रडू द्या, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. गप्प झालेले पिल्लू शांत झालेले असतेच असे नाही. ते थकलेलेही असू शकते.

सुरुवात कधी करावी?

पहिल्या दिवसापासून, तेही आपण घरात असताना. हवेशीर कोपऱ्यात अंथरूण, पाणी आणि चावायचे खेळणे ठेवावे. विजेच्या वायरी आवाक्याबाहेर असाव्यात. खेळून, खाऊन, शू-शी उरकून पिल्लू पेंगुळले की पाच-दहा सेकंद दुसऱ्या खोलीत जावे आणि ते ओरडण्याआधी परतावे. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे असा वेळ वाढवावा. प्रत्येक वेळी वाढवलाच पाहिजे असे नाही. मध्येच एखादी फेरी छोटी ठेवावी. पिल्लू घाबरले, तर आधीच्या टप्प्यावर परत यावे.

किल्ल्या वाजल्या की बेचैनी का?

किल्ल्या, पायताण, ऑफिसची बॅग यांवरून ‘हे निघाले’ हे पिल्लाला लवकर कळते. त्यामुळे अधूनमधून किल्ल्या उचलून सोफ्यावरच बसावे. निघताना आणि परतल्यावर फार लाड करू नयेत. निघताना रबरी खेळण्यात थोडे साधे दही किंवा त्याचे नेहमीचे खाणे भरून द्यावे.

किती तास एकटे ठेवता येते?

वय जितके महिने, त्यात एक मिळवावा; साधारण तितके तास पिल्लू लघवी रोखू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी ही मर्यादा तीन तासांची, आणि तीही सवय झाल्यावर. आठ तासांची नोकरी असेल, तर मधल्या वेळेसाठी नातेवाईक, शेजारी किंवा पगारी मदतनीस पिल्लू आणण्यापूर्वीच ठरवावा.

परतल्यावर घाण दिसली तर?

ओरडू नये. कान पाडलेला ‘अपराधी’ चेहरा चुकीच्या जाणिवेतून नव्हे, तर मालकाच्या रागावण्यामुळे दिसतो, असे संशोधक अलेक्झांड्रा होरोवित्झ यांना २००९ मधील प्रयोगात आढळले. शिक्षेने पिल्लू एकटेपणाबरोबर आपल्या परतण्यालाही घाबरू लागते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून पाहावा. थोडी कुरकुर करून पिल्लू झोपले तर चिंता नाही. मात्र सतत लाळ गळणे, दार ओरबाडणे, आवडता खाऊही न शिवणे ही घबराटीची लक्षणे आहेत. अशा वेळी पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

कायदा काय सांगतो?

उपाशी-तहानलेले राहण्याची वेळ येईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. तेव्हा पिल्लू आणण्याची तारीख ठरवताना पुढच्या काही आठवड्यांची रजा आणि मदतही ठरवावी. पहिल्या सोमवारी अचानक आठ तास एकटे पडणाऱ्या पिल्लाकडून शहाणपणाची अपेक्षा धरता येत नाही.