शेवटचा नियम

आमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर सतरा नियम लावलेले आहेत. चौथा माझा आवडता : विद्यार्थी हजर नसताना त्याच्या खोलीची झडती घेतली जाणार नाही. मागच्या सेमिस्टरला मी प्रॅक्टिकलला आणि रूम पार्टनर गावी असताना त्याच्या कपाटातली पाणी तापवायची कॉईल जप्त झाली. आम्ही चौथा नियम दाखवला. ऑफिसने सतरावा दाखवला : वरील कोणताही नियम प्रशासन केव्हाही बदलू अथवा रद्द करू शकते. विषय संपला! कॉईल ठेवणं चूकच होतं, ते सोडा. पण सतरावा असताना आधीचे सोळा लिहिले कशाला, हा किडा डोक्यातून जाईना.

मग कळलं, की देशाच्या घटनेतही एकदा असा 'सतरावा नियम' घातला गेला होता.

घटना म्हणजे सरकार चालवायचं मॅन्युअल, असं मला वाटायचं. पण मॅन्युअल काय, कोणीही छापतं. १९३६ च्या सोव्हिएत घटनेत भाषणस्वातंत्र्य लिहिलेलं होतं, आणि १९३७-३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीने लाखो माणसं गोळ्या घालून मारली. उलट ब्रिटनकडे एका पुस्तकात बांधलेली घटनाच नाही, तरी तिथलं सरकार कोर्टात हरतं. तेव्हा घटना असणं आणि सरकारला लगाम असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

मेकॅनिकलवाल्यांना हे लगेच कळेल. डिझेल इंजिनला गव्हर्नर असतो (राजभवनातला नव्हे!). वेग वाढला की तो इंधन कमी करतो, कोणाला विचारत बसत नाही. आपल्या घटनेत ते काम कलम १३ करतं : मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा केला, तर तो तेवढ्यापुरता रद्द. गंमत अशी की कलम ३६८ नुसार संसद घटनाच दुरुस्त करू शकते. म्हणजे ज्याला आवरायचं त्याच्याच हाती स्क्रू-ड्रायव्हर!

केरळातल्या एडनीर मठाचे केशवानंद भारती जमीन कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा हाच प्रश्न आला. त्यांच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला उभे राहिले. समोर १३ न्यायाधीश. २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला : संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिची मूळ चौकट मोडू शकत नाही. एका मताने वाचलो म्हणा ना! निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी संसदेला अडवावं का, हा आक्षेप आजही घेतला जातो, आणि मला तो अगदीच फालतू वाटत नाही.

१९७६ मध्ये, आणीबाणीत, ४२ वी दुरुस्ती आली. घटनादुरुस्तीला कुठल्याच कोर्टात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीच मर्यादा नाही, असं कलम ३६८ मध्येच लिहून टाकलं. हाच तो सतरावा नियम! १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात तो रद्द झाला. कारण साधं आहे : मिळालेला अधिकार मर्यादित असेल, तर तोच वापरून स्वतःला अमर्याद करून घेता येत नाही.

तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. पण हेच चंद्रचूड एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात बहुमताच्या बाजूने होते. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही, असं चार न्यायाधीश म्हणाले. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. गव्हर्नरही अडकतो तो असा. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मग आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, अशी सोय केली. जबलपूरचा निकाल मात्र पुसला जायला २०१७ उजाडलं, आणि तो चुकीचा ठरवणाऱ्या नऊ जणांच्या पीठात यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडिलांचा निकाल मुलाने खोडला!

असो. सतरावा नियम निदान चौथ्याला लागू नसावा, असा अर्ज आम्ही बेचाळीस सह्यांनिशी दिला आहे. पोच मिळाली. कॉईल नाही मिळाली.